काटा, टेप आणि वही : वजन उतरवताना प्रगती मोजायची कशी

वजन कमी करायला घेतलेली बरीच माणसं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नाद सोडतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं वजन तेव्हा खरोखर उतरत असतं. त्यांना ते दिसत नाही, एवढंच. गेल्या सोमवारी काट्यावर ७८.४ आले होते, या सोमवारी ७८.७ आले. आठवडाभर रात्रीचा भात बंद केला, रोज पहाटे कचराळी तलावाला फेऱ्या मारल्या आणि वजन वर गेलं, असा निष्कर्ष निघतो आणि मंगळवारी मिसळ. प्रत्यक्षात ताडून पाहिलेले असतात दोन सुट्या दिवसांचे दोन आकडे, आणि त्यांच्यातल्या फरकावरून चरबीबद्दल काहीच कळत नाही.

लागणारं सामान थोडं आहे. एक डिजिटल काटा, शिवणकामाची टेप, एक वही. बीपी असेल तर दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन. मोबाइलमधलं ॲप चालेल, पण वही उघडी दिसते आणि चार महिन्यांनी फोन बदलला तरी शाबूत राहते.

काटा

काटा टाइलवर ठेवा, तोही एकाच टाइलवर. दोन टाइलच्या सांध्यावर पाय आला की तो डगमगतो. पायपुसणं, चटई, गालिचा यांवर आकडा चुकतो. जागा ठरवून घ्या आणि तिथून तो हलवू नका.

काटा बरोबर आहे का, हे घरीच बघता येतं. आधी तुम्ही उभे राहा, आकडा लिहा. मग ५ किलो आट्याची न फोडलेली पिशवी हातात घेऊन उभे राहा. फरक ५ किलोच्या आसपास आला पाहिजे. ४.५ किंवा ५.६ आला तर आधी बॅटरी बदला, तरीही तसंच असेल तर काटाच बदला. या पिशवीचा आणखी एक उपयोग आहे. काही स्वस्त काट्यांना मागचा आकडा लक्षात ठेवायची खोड असते. लागोपाठ दोनदा चढलात आणि फरक दोन-तीनशे ग्रॅमचाच असला, तर ते जुनाच आकडा परत दाखवतात. तुम्हाला वाटतं काटा फार पक्का आहे. खात्री करायची असेल तर मध्ये एकदा पिशवी घेऊन चढा, मग पुन्हा रिकाम्या हाताने.

वजन करायची वेळ : सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, चहा-पाण्याच्या आधी, रोज साधारण तेवढेच कपडे घालून. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळ बघू नये. झोपून उठल्यानंतरची पहिली वेळ हीच त्यांची सकाळ, मग ती दुपारी दोनची का असेना. पाळी बदलली की दोन-तीन दिवस आकडे सैरभैर होतात, त्या दिवसांपुढे वहीत फुली करून ठेवा. मेडिकलच्या दुकानाबाहेरचा काटा, जिममधला काटा, डॉक्टरांकडचा काटा, यांचे आकडे वहीत मिसळू नका. तिथे तुम्ही बूट घालून, जेवून आणि खिशात फोन ठेवून उभे असता.

सात दिवसांची सरासरी

रोज वजन करा आणि त्या एका दिवसाच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. ऐकायला विचित्र वाटतं, पण यातच सगळं आहे. निर्णय घ्यायचा तो आठवड्याच्या सरासरीवर. सुरुवातीच्या उदाहरणातला तोच पंधरवडा पूर्ण मांडून बघू, सोमवार ते रविवार.

पहिला आठवडा : ७८.४, ७८.९, ७८.२, ७८.०, ७८.६, ७९.१, ७८.५. बेरीज ५४९.७, भागिले ७, सरासरी ७८.५३.

दुसरा आठवडा : ७८.७, ७८.१, ७८.३, ७७.८, ७८.०, ७८.८, ७८.३. बेरीज ५४८.०, सरासरी ७८.२९.

सोमवार ते सोमवार ३०० ग्रॅम वाढलेले दिसतात, सरासरी मात्र साधारण २५० ग्रॅमने उतरली आहे. या माणसाचं काम व्यवस्थित चाललंय. दोन्ही आठवड्यांत शनिवारचा आकडा सगळ्यात वर आहे, तोही बघा. शुक्रवारी रात्री बाहेरचं जेवण झालेलं असणार. असा नमुना वहीतच सापडतो.

एखादा दिवस चुकला तर आहेत त्या आकड्यांची सरासरी काढा, पण आठवड्यात निदान चार आकडे हवेत.

उतरण्याचा वेग किती असावा? दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का हा टिकणारा वेग. ७८ किलोच्या माणसाला तो ४०० ग्रॅमच्या आत-बाहेर पडतो. २५० ग्रॅमही चांगलेच. आठवड्याला १ टक्क्यापेक्षा जास्त वजन सलग जात राहिलं तर चरबीसोबत स्नायूही जातायत, असं धरा आणि खाणं थोडं वाढवा. पहिला आठवडा याला अपवाद आहे. त्यात दीड-दोन किलो झटकन जाऊ शकतात आणि त्यातलं बहुतेक पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या एका ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी तो साठा उतरतो. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांचा काटा चौथ्या दिवशी खाली आणि दसऱ्यानंतर परत वर का जातो, त्याचं कारण हेच.

आकडा रात्रीत का उडतो

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे एका रात्रीत एक किलो चरबी वाढायची तर गरजेपेक्षा तेवढं जास्त खावं लागेल. पावभाजी, गुलाबजाम, दोन ग्लास सोडा, सगळं झालं तरी तिथवर पोचत नाही. मग शनिवारचा किलोभर वाढलेला आकडा कशाचा? मिठाने धरलेलं पाणी आणि पोटात अजून असलेलं अन्न. लोणचं, पापड, फरसाण, चायनीज, सुकी मासळी, यांच्या दुसऱ्या दिवशी हे हमखास दिसतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. गौरी-गणपतीत आठवडाभर वजन करायचं नसेल तर नका करू. करायचंच असेल तर विसर्जनानंतर चार दिवस थांबून पुन्हा सरासरी धरा.

नवीन व्यायाम सुरू केल्यावरही काटा वर सरकतो. दुखणारे स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात. जिम लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे वजन हललं नाही तर घाबरू नका. त्या काळात टेपवर विश्वास ठेवा.

बायकांनी एक गोष्ट जास्तीची करायची : वहीत पाळीचा दिवस लिहायचा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात एक-दोन किलो पाणी वाढणं नेहमीचं आहे. म्हणून या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करायची, लगतच्या आठवड्याशी नाही. हे न केल्यामुळे महिन्यातले पंधरा दिवस उगाच वाईट जातात.

उलट दिशेनेही फसवणूक होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा मे महिन्यात दमटपणात तासभर घाम गाळला की काटा ७०० ग्रॅम कमी दाखवेल. ते पाणी आहे, दोन ग्लास प्यायलात की परत येईल आणि यायलाच हवं. घाम यावा म्हणून जाकीट घालून चालणं धोक्याचं आहे, त्याने चरबी जास्त जळत नाही.

टेप

पोटाभोवतीची चरबी ही साखर, बीपी आणि हृदयाच्या दृष्टीने जास्त त्रासाची. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, असा बांधा फार दिसतो. अशा माणसाचं वजन काट्यावर ठीकठाक दिसतं, टेपवर नाही. भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी धरतात. सोपा नियम हवा असेल तर घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १६५ सेंमी उंचीला ८२.५ सेंमी.

पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे. पोट सुटलं की पँट पोटाखाली बसते, त्यामुळे ३४ नंबरची पँट घालणाऱ्या माणसाचा खरा घेर ४० इंच निघू शकतो. आपण वर्षानुवर्षं ३४ लाच आहोत, हे समाधान खोटं ठरतं.

मोजायचं असं. सकाळी वजन झाल्यावर लगेच, उपाशीपोटी. कपडे वर करा, टेप थेट त्वचेवर हवी. पाय जवळ घेऊन ताठ उभे राहा. कुशीत बोटं दाबून शेवटची बरगडी शोधा. मग खाली हात नेऊन कंबरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळायची. पाठीमागे ती खाली घसरते आणि घेर बदलतो, म्हणून आरशात कडेने बघा किंवा घरच्या कुणाला बघायला सांगा, टेप चारी बाजूंनी जमिनीला समांतर हवी. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडल्याच्या क्षणी आकडा वाचा. पोट आत ओढू नका, फुगवूही नका. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. दोनदा मोजा. दोन आकड्यांत एक सेंमीहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून जवळच्या दोघांची सरासरी घ्या.

पहिल्याच दिवशी ती जागा बेंबीपासून किती सेंमी वर आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. टेपच्या मापात गोंधळ होतो तो इथेच. एकदा बेंबीवर, एकदा नाड्याच्या रेषेवर मोजलं तर चार-पाच सेंमी इकडेतिकडे होतात. शिलाई मशीनच्या खणातली जुनी कापडी टेप ताणून लांब झालेली असू शकते, ती स्टीलच्या पट्टीवर लावून तपासा. दर पंधरा दिवसांनी एकदा मोजलं की पुरे. रोज मोजलात तर गॅसेस मोजाल.

वजन तेच आणि घेर दोन सेंमी कमी, तर चरबी जातेय आणि स्नायू टिकलेत. यापेक्षा चांगली नोंद वहीत दुसरी नाही.

बाकीच्या मापांबद्दल थोडक्यात. बीएमआय एकदा काढा आणि बाजूला ठेवा. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. पण उंची बदलत नाही, म्हणून तो वजनापेक्षा नवीन काही सांगत नाही. चरबीचे टक्के दाखवणारे काटे तळपायांतून बारीक वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात, आणि शरीरात पाणी कमी-जास्त झालं की अंदाज हलतो. महिन्याकाठी कल बघायला ठीक. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्यावर उभं राहू नये. फोटो चार आठवड्यांतून एकदा, त्याच भिंतीशी, त्याच खिडकीच्या उजेडात, त्याच कपड्यांत.

दम किती वाढला

तब्येत सुधारल्याचा पुरावा बहुतेक वेळा काट्याच्या आधी दमात दिसतो, त्यामुळे याची नोंद ठेवाच. चालायचा एक ठरलेला मार्ग निवडा. ठाण्यात तलावपाळी किंवा कचराळी, पलीकडे नेरुळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई किंवा खारघरचं सेंट्रल पार्क, जवळ असेल ते. ठरलेल्या फेऱ्या भरभर चाला, पण बोलता येईल इतपतच. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा योग्य वेग. लागलेली मिनिटं लिहा. थांबल्याबरोबर मनगटावर १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा आणि एक मिनिट उभं राहून पुन्हा मोजा. महिन्याभराने त्याच मार्गावर वेळ कमी लागला, किंवा त्या एका मिनिटात नाडी पूर्वीपेक्षा जास्त खाली आली, तर हृदय तयार होतंय. चाचणी महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी घ्या. जानेवारीतल्या पहाटेची आणि मे महिन्यातल्या संध्याकाळची तुलना करू नका, उकाड्यात नाडी तशीही वाढलेली असते. येऊरचा चढ चाचणीला घेऊ नये. रविवारी तिथे गर्दीतून वेग एकसारखा राहत नाही.

पायांच्या ताकदीसाठी हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं, ते मोजा. वजन उतरताना हा आकडा घटत असेल तर स्नायू जातायत. जेवणात डाळ, अंडी, दही, पनीर, मासळी वाढवा आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम धरा. गुडघे दुखत असतील तर ही चाचणी सोडा.

पावलांचा आकडा नेहमी त्याच साधनावर घ्या. फोन खिशात असताना आणि बॅगेत असताना वेगळा आकडा येतो. मनगटावरचा पट्टा कणीक मळतानाही पावलं मोजतो आणि बाजाराची पिशवी धरलेल्या हातातली चाल सोडून देतो. जून ते सप्टेंबर हा आकडा घसरणार, हे आधीच धरून चाला. पोडियमवर किंवा बिल्डिंगच्या जिन्यात किती मिनिटं चाललात, ते पावसाळ्यात लिहा.

स्वयंपाकघरातला हिशेब

पोळ्या मोजणारे पुष्कळ असतात, तेल मोजणारं कुणी नसतं. आणि गडबड तेलातच असते. एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४० कॅलरी, आणि फोडणीला कढईत ओतताना चमचा कुणी वापरत नाही.

घरातल्या प्रत्येकाचं ताट तोलत बसायची गरज नाही. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा, संपली की वहीत दिवस मोजा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. चार माणसांच्या घरात ती सहा दिवसांत संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम. नऊ दिवस पुरली तर २५ ग्रॅम. फरक १३ ग्रॅमचा, म्हणजे माणशी रोज जवळजवळ ११५ कॅलरी, आणि ताटातलं काहीही न हटवता. तूप, लोणी आणि बाहेरचं खाणं यात धरलेलं नाही, हे लक्षात असू द्या. साखरेची पिशवीही याच पद्धतीने मोजा.

स्वतःच्या खाण्याची नोंद महिन्यातून फक्त तीन दिवस ठेवा : दोन कामाचे, एक रविवार. खाऊन झाल्यावर लगेच लिहा, रात्री आठवून नाही. स्टेशनबाहेरचा कटिंग, डब्यातून मैत्रिणीने दिलेली चकली, पोरांच्या ताटातला उरलेला भात, चव बघताना खाल्लेलं, हे सगळं. रात्री आठवून लिहिणाऱ्याच्या वहीतून नेमकं हेच निसटतं.

रक्ताच्या तपासण्या

सुरुवातीला एकदा आणि १२ आठवड्यांनी एकदा. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), आणि डॉक्टर सांगतील तर एसजीपीटी (यकृताची तपासणी) व थायरॉइड. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतं, त्यामुळे महिन्याभरात पुन्हा करून पैसे घालवू नका. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वर दिसू शकतो. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

दोन्ही वेळा लॅब तीच, उपास तेवढाच. सोनोग्राफीतली फॅटी लिव्हरची ग्रेड डोळ्यांनी ठरवतात, दोन वेगळ्या सेंटरच्या ग्रेडवरून सुधारणा मोजू नका. वजनाच्या ५ टक्के उतरले, म्हणजे ७८ किलोच्या माणसाचे चार किलो, तरी साखर, बीपी आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) यांत फरक दिसू लागतो. खर्च परवडत नसेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्यांची साखर आणि बीपी तपासतात.

आकडा अडला तर

चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि घेरही हलला नाही, तरच अडला म्हणायचं. दहा दिवसांत हे ठरवता येत नाही. अडला असेल तर आधी तीन दिवसांची खाण्याची नोंद आणि तेलाची तारीख बघा, उत्तर बहुधा तिथेच मिळतं. तिथे सगळं जागच्या जागी असेल तर लहान झालेल्या शरीराला आता कमी लागतंय. रोजच्या १५०-२०० कॅलरी कमी करा किंवा दोन हजार पावलं वाढवा. दोन्हींपैकी एकच, आणि पुन्हा चार आठवडे थांबा. दोन्ही एकदम केलंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

सकाळचा आकडा दिवसभराचा मूड ठरवायला लागला, किंवा आकडा वाढला म्हणून जेवण टाळलं जाऊ लागलं, तर काटा कपाटात ठेवा. फक्त टेप आणि चालण्याची मिनिटं यांवर महिना काढा. तरीही खाण्याची भीती गेली नाही तर डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात आणि वाढीच्या वयातल्या मुलांच्या बाबतीत ही पद्धत वापरू नका. काहीच प्रयत्न न करता वजन घटत असेल तर आनंद मानू नका, तपासून घ्या.

मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना वहीचा सगळ्यात मोठा उपयोग आहे. वजन उतरतं तसा जुना डोस जास्त होऊ लागतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर ७० च्या खाली जाऊ शकते : घाम, थरथर, एकदम भूक, डोकं न चालणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बीपीवाल्यांना उठून उभं राहताना चक्कर येते. अशा वेळी स्वतःहून गोळी अर्धी करू नका. सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा : पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा नाही, एका मिनिटाच्या अंतराने दोन वाचनं. पहिल्या दिवसाची वाचनं सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती सरासरी, मागच्या चार आठवड्यांची वजनं, घेर आणि चालू गोळ्यांची यादी एका पानावर लिहून डॉक्टरांकडे न्या आणि सरळ विचारा : डॉक्टर, वजन इतकं उतरलंय, आता डोस बदलायचा का?